स्मृतीची साक्ष

विसरणें हा दोष आहे असें आपण सर्वच समजतों. परंतु दिवसभरांत आपण काय काय विसरलों याची यादी करावयास बसलें तर ती करतां येत नाहीं, इतका हा दोष पुरा असतो. पन्नाशी ओलांडल्यापासून त्याचा व माझा परिचय फार दृढ झाला आहे. छत्री ग्रंथालयांत राहते; चष्मा कपाळावर चढविलेला असतांना मी तो टेबलाच्या खणांत शोधतों; तीन वर्षें पहिल्या बांकावर बसलेला विद्यार्थी रस्त्यांत भेटून वांकून नमस्कार करतो, आणि त्याचें नांव माझ्या ओठांपर्यंत येऊन तेथेंच थांबतें. परवां रात्रीं काय जेवलों हें सांगावयाचें तर मला घरांत विचारावें लागेल. आणि असा हा मी, पांचवींत असतांना शाळेच्या पायरीवर माझ्या हातून शाईची बाटली फुटली तेव्हां दगडावर पडलेला डाग कोणत्या आकाराचा होता, तें आजही कागदावर काढून दाखवूं शकेन. त्या डागाचा मला आयुष्यांत काडीचाही उपयोग झालेला नाहीं.

इतर कोणीं ही गोष्ट हंसण्यावारीं नेली तर चालेल. ज्याचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, त्याला तसें करतां येत नाहीं. इतिहासाचें भांडवल म्हणजे अखेर कोणाची तरी आठवणच असते. लढाई संपल्यावर संध्याकाळीं डेऱ्यांत बसून लिहिलेलें पत्र हें आम्ही अव्वल दर्जाचें साधन मानतों; तेंही आठवणीनेंच लिहिलेलें असतें, मात्र ती आठवण चार-सहा तासांची असते. बखर ही वीस-पंचवीस वर्षांची आठवण, आणि आजीच्या तोंडची गोष्ट ही दोन पिढ्यांची. तेव्हां जी स्मृति छत्री सांभाळूं शकत नाहीं, तिच्या साक्षीवरून शहर कसें पडलें, कोण कोठें होतें, कोण काय बोललें, हें कितपत मानावें? या प्रश्नाचें उत्तर तरुणपणीं मीं एकदां फार घाईनें आणि फार ऐटीनें दिलें होतें. त्याची हकीकत यथाक्रम पुढें येईल.

आमच्या शास्त्रकारांनीं या बाबतींत मोठा चोखंदळपणा दाखविला आहे. पतंजलीनें योगसूत्रांत स्मृतीची व्याख्या करतांना अनुभवलेल्या विषयाची चोरी न होणें, अशा अर्थाचा शब्द योजिला आहे. म्हणजे स्मृति ही चोराच्या तावडींतून वांचलेली चीजवस्तु. नैयायिक याहून कडक. केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान ती स्मृति, असें म्हणून त्यांनीं तिला यथार्थ अनुभवाच्या पंक्तींतून उठविलें आणि प्रमाणांत जागा दिली नाहीं. कारण उघड आहे. स्मृतीजवळ स्वतःचें असें कांहीं नसतें. मूळ अनुभव खरा असेल तरच ती खरी, आणि मधल्या काळांत संस्कार झिजला कीं तिचा भरंवसा गेला.

हा संस्कार किती वेगानें झिजतो याचें मोजमाप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणीं केलें नव्हतें. तें हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें केलें. त्यानें निरर्थक अक्षरांच्या माळा तयार केल्या, त्या स्वतःच घोकून पाठ केल्या, आणि ठराविक काळानें त्याच माळा पुन्हां पाठ करतांना पहिल्या श्रमांपैकीं किती श्रम वांचतात, हें तो मोजीत गेला. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतील हिशेब असा आहे कीं, तासाभरांत निम्म्याहून अधिक श्रम वायां जातात, एका दिवसांत सुमारें दोनतृतीयांश जातात, आणि महिन्यानंतर सुमारें एकपंचमांशच शिल्लक उरतात. म्हणजे विस्मृतीचा लोंढा अगदीं आरंभीं येतो. पुढें ती थेंबथेंब गळते. एबिंगहाउसाच्या प्रयोगाचा विषय झालेला माणूस तो स्वतः एकटाच होता. तरी पुढें ज्यांनीं ज्यांनीं हा प्रयोग करून पाहिला त्यांस साधारणतः असाच उतार आढळला.

यावरून खिन्न होण्याचें कारण नाहीं. विस्मृति नाहींशी झाली तर काय होईल याचाही दाखला उपलब्ध आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यानें शेरेशेव्हस्की नांवाच्या एका माणसाचें कित्येक वर्षें निरीक्षण करून १९६८ सालीं एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. अनेक वर्षांपूर्वीं ऐकलेली शब्दांची यादी या माणसाला जशीच्या तशी म्हणून दाखवितां येई. परंतु ओळखीचा चेहरा त्याला दर वेळीं निराळा भासे. साधा उतारा वाचूं लागला कीं प्रत्येक शब्दामागें चित्रांची अशी गर्दी होई कीं उताऱ्याचा अर्थच हातीं लागत नसे. आणि नको असलेलें विसरावें कसें, ही त्याची खरी विवंचना होती. ज्या दप्तरांतून रद्दी कधींच निघत नाहीं, त्या दप्तरांत हवा तो कागदही सांपडत नाहीं, हें कोणताही जुना कारकून सांगेल.

तेव्हां विसरणें हा स्मृतीचा नित्याचा व्यवहार झाला. नवल वाटावयाचें तें या रद्दींतून वांचलेल्या मोजक्या कागदांचें. वर्षें लोटलीं तरी ज्यांची शाई फिकी होत नाहीं अशा कांहीं आठवणी प्रत्येकाजवळ असतात. अमेरिकेंत कोलग्रोव्ह नांवाच्या संशोधकानें १८९९ सालीं १७९ वृद्ध व प्रौढ माणसांस विचारलें कीं, अध्यक्ष लिंकन यांचा खून झाल्याची बातमी आपण ऐकली तेव्हां आपण कोठें होतां? त्या घटनेस तेव्हां चौतीस वर्षें होत आलीं होतीं. तरी १२७ जणांनीं स्थळ, वेळ, हातांतलें काम, सांगणाऱ्याचें नांव, असा तपशील भरभरून दिला. पुढें १९७७ मध्यें ब्राउन व कूलिक यांनीं १९६३ सालच्या केनेडींच्या खुनाविषयीं असेंच विचारलें, आणि अशा आठवणींस छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाची उपमा दिली. जणूं धक्क्याच्या क्षणीं मनांत एक दिवा चमकतो, आणि समोर असेल नसेल तें सर्व कांचेवर उमटून राहतें. भीतीच्या वेळीं शरीरांत जीं द्रव्यें स्रवतात तीं मेंदूंतील ठसा अधिक पक्का करतात, हेंही आतां प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

ही उपमा इतकी सोयीची आहे कीं ती खरी मानण्याचा मोह सहज होतो. लखलखीत आठवण म्हणजे छायाचित्र, आणि छायाचित्र म्हणजे पुरावा! परंतु आमच्या इतिहाससंशोधनाची सारी शिस्त या मोहाच्या विरुद्ध उभी राहिली आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९४ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिलें, तेव्हां शिवाजी महाराजांस जाऊन चौदा वर्षें झालीं होतीं. सभासद हा त्या काळचा माणूस, त्याची भाषा करारी, त्याच्या लेखांतील कित्येक प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. तथापि प्रसंगांचा क्रम व काळ यांसाठीं त्याच्यावर विसंबतां येत नाहीं, हें अभ्यासकांस पदोपदीं दिसलें आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला व त्याच्या प्रस्तावनेंत पानिपताच्या काळचीं अस्सल पत्रें एका बाजूस आणि बखरी दुसऱ्या बाजूस ठेवून बखरकारांची झाडाझडती घेतली, ती याचसाठीं. पुढें सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ च्या दरम्यान प्रसिद्ध केले. आधीं कागद, मग बखर, आणि आठवण सर्वांच्या शेवटीं, असा क्रम आमच्या पिढीच्या अंगवळणीं पडला.

या शिस्तीचा मी तरुणपणीं कडवा अनुयायी होतों. आतां ती हकीकत सांगतों.

माझे आजोबा एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते, व मुठेच्या कांठच्या एका पेठेंत, वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत त्यांचें बिऱ्हाड होतें. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, दुपारीं खडकवासल्याचें धरण गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. माझी धाकटी आत्या त्या वेळीं आठ वर्षांची होती. त्या दिवसाची तिची गोष्ट मीं लहानपणापासून ऐकलेली. पाणी उंबरठ्याशीं आलें. बघतां बघतां जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलें. देवघरांतला पाट तरंगत दाराशीं आला. आणि मग अण्णांनीं, म्हणजे तिच्या वडिलांनीं, तिला खांद्यावर घेतलें व छातीभर पाण्यांतून बोळ ओलांडून चढावरच्या वाड्यांत नेऊन ठेवलें. त्यांचा सदरा गच्च भिजला होता, डोक्याला बांधलेला पंचा तिच्या गालाला खरखरीत लागत होता, तपकिरीचा उग्र वास नाकांत जात होता, आणि तिच्या एका पायांतला वाळा पाण्यांत गेला. वाळ्याचा उल्लेख आला कीं ती आपला उजवा पाय किंचित् पुढें करी. अण्णा नसते तर मी नसतें, हें गोष्टीचें शेवटचें वाक्य ठरलेलें. आजोबा स्वभावानें अबोल होते. मुलींचे लाड करण्याची तेव्हां रीत नव्हती. वडिलांनीं आपल्यासाठीं कांहीं केलें याचा आत्याजवळ एवढाच काय तो पुरावा होता.

मी एम्. ए. होऊन नुकताच शिकवूं लागलों होतों. राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचून डोकें तापलेलें. दिवाळीच्या सुटींत आजीची जुनी पेटी आवरतांना पोथीच्या फडक्यांत जपून ठेवलेलें एक पोस्टकार्ड मला सांपडलें. आजोबांनीं सोलापुराहून आजीस लिहिलेलें. काल मंगळवारीं पोंचलों, काम चार दिवस चालेल, येथें पावसाचा पत्ता नाहीं, असा त्यांत मजकूर. तारीख १२ जुलै १९६१, आणि टपालाचा शिक्काही तोच. ज्या दुपारीं आजोबा छातीभर पाण्यांतून चालले होते, त्या दुपारीं ते सोलापुरांत कोरड्या ओटीवर बसून पत्र लिहीत होते!

भाऊबीजेला आत्या घरीं आली. जेवणें झाल्यावर सर्व मंडळी बसलीं असतां कोणीं तरी पानशेतचा विषय काढला, आणि तिनें गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत मी थांबलों, आणि मग आंतून पोस्टकार्ड आणून सर्वांसमक्ष वाचून दाखविलें. अस्सल कागद, समकालीन, दोन स्वतंत्र तारखा. एखादा जुना वाद निकालांत काढल्याचा आनंद मला झाला होता. आत्यानें कार्ड हातांत घेतलें, उलटसुलट करून पाहिलें. "अण्णांचंच अक्षर," ती म्हणाली. थोड्या वेळानें कार्ड मला परत देऊन म्हणाली, "तुझं खरं असेल रे बाबा. कागद कशाला खोटं बोलेल?" त्यानंतर ती जवळजवळ वीस वर्षें हयात होती, पण पानशेतची गोष्ट तिच्या तोंडून मीं पुन्हां ऐकली नाहीं.

यानंतर कांहीं वर्षांनीं एका प्रयोगाचा वृत्तान्त माझ्या वाचनांत आला, तेव्हां प्रथम मनांत चलबिचल झाली. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर नांवाचें अमेरिकेचें अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत हवेंत नष्ट झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अॅटलांटा येथील एमरी विद्यापीठांत नायसर यानें वर्गांतील विद्यार्थ्यांकडून, ही बातमी आपण कशी ऐकली, हें लिहवून घेतलें व ते कागद ठेवून दिले. अडीच वर्षांनीं त्यानें हार्श या आपल्या सहकारिणीसह त्यांपैकीं चव्वेचाळीस जणांस तोच प्रश्न पुन्हां विचारला. अकरा जणांचीं उत्तरें तर मूळ कागदाशीं एकाही मुख्य बाबतींत जुळलीं नाहींत. मात्र आपली आठवण पक्की आहे अशी बहुतेकांची खात्री होती. खरें नवल पुढेंच आहे. त्यांच्यापुढें त्यांच्याच हस्ताक्षराचे कागद ठेवले, तरी मूळ आठवण कोणालाही परत आली नाहीं. कांहीं जणांनीं तर, अक्षर माझें आहे, पण घडलें तें मी सांगतों तसेंच, असें म्हटलें.

केंब्रिजच्या बार्टलेट यानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत याचें मूळ सांगून ठेवलेंच होतें. त्यानें अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांची एक लोककथा इंग्रज विद्यार्थ्यांस वाचावयास दिली, व ती पुन्हां पुन्हां लिहून मागितली. प्रत्येक वेळीं गोष्ट थोडी आटोपशीर झाली, थोडी इंग्रजी झाली. परकी होडी जाऊन ओळखीची नाव आली, न समजणारा भाग गळाला. आठवण काढणें म्हणजे पेटींतली वस्तु काढून पाहून पुन्हां जागच्या जागीं ठेवणें नव्हे. दर वेळीं आपण ती वस्तु नव्यानें घडवीत असतों, आणि घडवितांना आपल्या गरजेची माती तींत मिसळत असतों. वडिलांच्या मायेला भुकेल्या मुलीनें खांद्याचा धनी बदलला, यांत अद्भुत असें कांहीं नव्हतें. येथपर्यंत मला कळलें; आणि माझा निर्णय खरा ठरला असें वाटून मी पुन्हां स्वस्थ झालों.

ती स्वस्थता मोडली ती विष्णुभट गोडश्यांमुळें. पेणजवळच्या वरसई गांवच्या या भिक्षुकाची हकीकत मराठी वाचकांस नवी नाहीं. घरचें दारिद्र्य निवारावें म्हणून, मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार ही वार्ता ऐकून ते १८५७ सालीं काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीच्या वेढ्यांत ते शहरांत होते. मिळविलेली दक्षिणा वाटेंत लुटली गेली; शेवटीं गंगेच्या पाण्याची कावड तेवढी घेऊन ते घरीं परतले. यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं आपली हकीकत स्मरणाच्या बळावर लिहून काढली. वैद्यांनीं ती भाषेंत व मजकुरांत फेरफार करून 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं छापली. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळांत आलें, आणि दत्तो वामन पोतदारांनीं तें जसेंच्या तसें प्रसिद्ध केलें तें १९६६ सालीं. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्र गोडश्यांची आठवण दुसऱ्याच्या हातची वाचीत होता.

हें पुस्तक मी एकदां वर्गांत शिकवीत असतां एका मुलीनें विचारलें, "सर, पंचवीस वर्षांनीं लिहिलेलें हें खरें कशावरून?" प्रश्न माझाच होता, आणि उत्तर तयार होतें, तरीही वर्गापुढें पुस्तक उघडून पानोपान पाहूं लागलों तेव्हां उत्तर मला वाटलें होतें तितकें सरळ निघेना.

गोडश्यांच्या लेखनांत तीन थर आहेत. पहिला थर ऐकीव गोष्टींचा. बंड कां झालें याची जी कथा ते सांगतात, तींत इंग्रज सरकारनें राजेरजवाड्यांपुढें धर्मबुडव्या कलमांची यादी ठेवल्याचा वृत्तान्त आहे. असा दरबार भरल्याचा पुरावा कागदपत्रांत नाहीं. या थराला इतिहास म्हणून किंमत नाहीं. मात्र त्या उन्हाळ्यांत हमरस्त्यावर, धर्मशाळांतून, शिपायांच्या तोंडीं काय बोललें जात होतें, याची ती नोंद आहे, आणि अशी नोंद सरकारी दप्तरांत क्वचितच मिळते. दुसरा थर काळाचा, क्रमाचा व संख्येचा. येथें सर ह्यू रोझचे खलिते हाताशीं ठेवल्यावांचून एक पाऊल टाकूं नये. झांशीवरील निकराचा हल्ला ३ एप्रिल १८५८ चा आणि राणी निसटली ती ४ एप्रिलच्या रात्रीं, हें ठरवावयाचें तें त्या व तशा समकालीन कागदांवरून.

तिसरा थर डोळ्यांनीं पाहिलेल्याचा आणि अंगानें सोसलेल्याचा. रात्रीं आकाशांतून चेंडूसारखे येणारे तोफेचे गोळे, शहर पडल्यावर घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून काढलेले दिवस, तहान, लुटीचा तो चमत्कारिक क्रम, कीं आधीं सोनेंनाणें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग कापडचोपड आणि धान्य, राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाचा नाश पाहून या दरिद्री ब्राह्मणाला झालेला शोक. रोझच्या खलित्यांत हल्ल्याची तारीख आहे, पलटणींचीं नांवें आहेत. घराच्या आंत बसून पाण्याच्या थेंबासाठीं तळमळणारा माणूस त्यांत नाहीं. त्याला तेथें जागाच नव्हती.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. धुळीनें माखलेली, तहानेली राणी विहिरीपाशीं येते. गोडसे पाणी काढून देऊं लागतात. आपण विद्वान् ब्राह्मण, आपण माझ्यासाठीं पाणी काढूं नये, अशा अर्थाचें बोलून ती स्वतःच पाणी काढते व पिते. हा प्रसंग सांगणाऱ्याचा मान वाढविणारा आहे, म्हणून त्याविषयीं शंका घेणें इतिहासकारास प्राप्तच आहे. शिवाय पंचवीस वर्षांत हा प्रसंग त्यांनीं वरसईच्या ओटीवर किती वेळां सांगितला असेल, आणि दर वेळीं शब्द किती घासून गुळगुळीत झाले असतील! ते शब्द मी राणीचे म्हणून शपथेवर देणार नाहीं. परंतु मडकें, दोरी, पहांटेची ती विहीर, आणि जिच्या शहरांत आपण दक्षिणेसाठीं गेलों होतों तिला हातानें पाणी ओढतांना पाहून मनांत झालेली कालवाकालव, हीं त्या शब्दांपेक्षां निराळ्या जातीचीं आहेत. शोभेसाठीं जोडलेला तपशील गोष्टीच्या ओघांत चपखल बसतो. अनुभवांतून आलेला तपशील पुष्कळदां ओघाला अडखळवितो. साक्षीदाराला स्वतःला ज्याचा उपयोग कळलेला नसतो, असा तपशील संशोधकानें आधीं उचलावा.

हें शेवटचें वाक्य मीं वर्गांत उच्चारलें, आणि तेथेंच थांबलों. तपकीर.

माझे आजोबा माळकरी होते. गळ्यांत तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, आणि तंबाखूचा कोणत्याही रूपानें स्पर्श नाहीं. आमच्या घरांत तपकिरीची डबी कधींच नव्हती. आत्या ती गोष्ट वीस वेळां सांगत होती, आणि वीस वेळां त्या गोष्टींत, अण्णांच्या नांवाखालीं, एक तपकीर ओढणारा माणूस छातीभर पाण्यांतून चालत होता. तिच्या मनानें त्याचा चेहरा पुसून वडिलांचा चेहरा बसविला, पण वास पुसावयाचा राहून गेला. चूक आणि चुकीचा पुरावा, दोन्ही त्याच आठवणींत शेजारीं शेजारीं होतीं. मीं पहिली पकडली. दुसरा माझ्या कानांवरून वीस वर्षें गेला.

तो कोण होता? वाड्यांतला बिऱ्हाडकरू, पलीकडचा दुकानदार, कीं नुसताच वाटेवरचा कोणी? डोक्याला पंचा होता म्हणजे तालमींतला गडी असेल काय? तो कांहीं बोलला होता काय? तिला ठेवून तो पुन्हां पाण्यांत उतरला काय? आणि उतरला असेल तर परत आला काय? हे प्रश्न विचारतां आले असते, आणि त्यांतल्या कांहींचीं उत्तरें एका माणसाजवळ निश्चित होतीं. त्या माणसाला मींच, अस्सल कागद दाखवून, गप्प केलें होतें. माझ्या ध्यानांत हें आलें त्या वेळीं आत्याला जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. तपकिरीचा वासही तिनें दुसऱ्या कोठून तरी या गोष्टींत आणला नसेल, असें मी खात्रीनें म्हणत नाहीं. पण तो एक धागा होता. आणि धागा हातीं लागणें एवढीच संशोधकाची अपेक्षा असते, पुढचें काम त्याचें असतें.

नैयायिकांचा निर्णय मला आजही मान्य आहे. स्मृति प्रमाण नव्हे. ती लखलखीत आहे म्हणून खरी नव्हे, सांगणाऱ्याची खात्री आहे म्हणूनही खरी नव्हे. परंतु न्यायसभेंत जो प्रमाण नव्हे तो साक्षीदार तरी असूं शकतो, आणि साक्षीदाराला त्याला ठाऊक असेल तेंच विचारावें लागतें. शक, तिथि, संख्या, क्रम, कोणाचें नांव, हीं स्मृतीस विचारूं नयेत; तीं कागदास विचारावीं. हातांत काय होतें, पायाखालीं काय लागलें, वास कसला येत होता, हें कागदास विचारून उपयोग नाहीं. ज्यांचे कागद ठेवण्याची कोणास गरज वाटली नाहीं, अशा असंख्य माणसांच्या बाबतींत तर दुसरा साक्षीदारच नसतो. खुद्द नाना फडणिसांनीं, ज्यांच्या हयातींत राज्याची चिठीचपाटी दप्तरीं जमा होत होती त्यांनीं, स्वतःविषयीं जें चिमुकलें आत्मवृत्त लिहिलें, त्याचा गाभा १७६१ सालचा पानिपताचा संहार, हरपलेली आई, आणि अठरा वर्षांच्या पोराची जिवानिशीं झालेली पळापळ हा आहे. तेवढें त्यांना कोणत्याही रुमालांत मिळालें नसतें.

आतां मी विद्यार्थ्यांस वृद्धांकडे पाठवितों तेव्हां एक नियम घालून देतों. आधीं गोष्ट पुरी ऐकावी, ऐकली तशी लिहून घ्यावी, चुकीच्या तारखेसह लिहून घ्यावी, आणि कागद खिशांत असला तरी तो खिशांतच ठेवावा. त्यांतले कांहीं जण नियम पाळतात, कांहीं माझ्यासारखे निघतात.

तें पोस्टकार्ड माझ्या कपाटांत आहे. त्यावरची तारीख खरी आहे, शिक्का खरा आहे. परंतु ज्या भाऊबीजेला मीं तें वाचून दाखविलें, तें साल १९९३ कीं १९९४, हें मला आज सांगतां येत नाहीं. घरांत विचारलें तर प्रत्येक जण निराळें सांगतो. मला आठवतो तो आत्याचा अंगठा. कार्ड परत देण्यापूर्वीं ती तो त्या शिक्क्यावरून हळूंहळूं फिरवीत होती, आणि पाट उचलतांना तिनें आपला उजवा पाय लुगड्याखालीं ओढून घेतला.